कातरलंय की शिवलंय?

काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. ऑपरेशनला बारा दिवस झाले, टाके निघाले, जखमा बघाव्यात तर टिकलीएवढ्या दोन. आणि एवढ्याशा जखमांसाठी मांडीपासून नडगीपर्यंत ब्रेस, काखेत कुबड्या, दीड-दोन महिने वर्गावर जायचं नाही. त्यात शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या, की त्यांच्या भाच्याचंही असंच दुर्बिणीचं ऑपरेशन झालं आणि तो आठवड्याच्या आत ऑफिसला जायला लागला. तू मला विचारलंस, "आत्या, माझंच काही चुकलंय का गं?"

काही चुकलेलं नाही, बाळा. काकू पुन्हा आल्या की त्यांना एवढंच विचार, "भाच्याची गादी कातरली होती की शिवली होती?" बहुतेक त्यांना सांगता येणार नाही. पण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बरं व्हायला किती दिवस लागतील, याचं निम्मं उत्तर या एका प्रश्नात आहे. बाहेरची भोकं दोघांची सारखीच दिसणार. आतली दुर्बीण चार मिलिमीटर जाडीची, भोक एक सेंटिमीटरही नाही. दिवस मात्र भोकावरून ठरत नाहीत, आत काय केलंय त्यावरून ठरतात. छत्तीस वर्षं मी फिजिओथेरपीच्या विभागात गुडघेच हाताळले, आणि सगळ्यात जास्त गुडघे बिघडलेले पाहिले ते असल्या तुलनेपायी.

आधी गादी म्हणजे काय ते नीट समजून घे. डॉक्टर तिला मेनिस्कस म्हणतात. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन, चंद्रकोरीच्या आकाराच्या, रबरासारख्या चिवट. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर घासू नये, भार पसरावा, म्हणून त्या मध्ये बसवलेल्या. या गादीला रक्त पोचतं ते फक्त बाहेरच्या कडेला, साधारण तिसऱ्या हिश्शाला. आतल्या भागाला रक्तच नाही. फाटलेलं जुळायला रक्त लागतं. म्हणून आतल्या बाजूला फाटलं असेल तर तेवढा लोंबता तुकडा कातरून कड साफ करतात. पदराचा सुटलेला धागा कापावा तसं. काम तिथेच संपतं, जुळायचं काही उरतच नाही. असा माणूस बहुधा त्याच दिवशी चालतो, बसून करायचं काम असेल तर आठवडाभरात कामावर जातो, आणि चार ते सहा आठवड्यांत जवळपास पूर्वीसारखा फिरतो. काकूंच्या भाच्याचं हे असणार.

तुझं तसं नाही. खो-खोच्या पाटीवर मुलींना उकिडवं कसं बसायचं ते दाखवताना तू उठलीस आणि उठता उठता वळलीस. त्या एका गिरकीत गादी रक्त असलेल्या कडेलाच उभी चिरली. म्हणून डॉक्टरांनी ती कातरली नाही, शिवली. तुझ्या डिस्चार्ज कार्डावर 'मेनिस्कस रिपेअर' लिहिलंय, ते मी फोटोत वाचलं आणि मला बरं वाटलं. शिवलं म्हणजे गादी वाचली. पण शिवल्यावर आता ती जुळायची आहे, आणि जुळणं हे आंब्याच्या कलमासारखं असतं. कलम बांधल्यावर कुणी आठव्या दिवशी पट्टी सोडून फांदी वाकवून बघत नाही.

शिवणं का चांगलं, हेही सांगते, कारण दिवस जड जातील तेव्हा ते आठवायला हवं. मी नोकरीला लागले १९८० साली. तेव्हा आमच्याकडे गुडघा उघडून अख्खी गादीच काढून टाकायचे. पेशंट दोन-तीन महिन्यांत चालू लागायचा, सगळे खूश. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे एक्स-रेवर झिजेच्या खुणा दिसतात, हे फेअरबँक नावाच्या इंग्रज सर्जनने १९४८ सालीच लिहून ठेवलं होतं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, पण खरं कळलं ते पंधरा-वीस वर्षांनी, तीच माणसं धनुष्यासारखे वाकलेले पाय घेऊन पुन्हा माझ्या टेबलावर आली तेव्हा. पाय सरळ असताना त्या बाजूचा सुमारे निम्मा भार गादी उचलते. गुडघा काटकोनात वाकला की हा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. तू एकेचाळीस वर्षांची आहेस. त्या गादीवर तुझी अजून चाळीस वर्षं चालायची आहेत. दोन-चार महिने तिच्यासाठी दिले तर ते वाया गेले असं समजू नकोस.

आता माझं एक सांगते, जे मी दादालाही नीट सांगितलेलं नाही.

मी चव्वेचाळीस वर्षांची असताना माझीही गादी अशीच शिवली होती. मी स्वतः फिजिओ, त्यामुळे पहिले सहा आठवडे सगळं काटेकोर केलं. सातव्या आठवड्यात ब्रेस सुटला. दुखणं पूर्ण थांबलं होतं, सूज नव्हती, जिना चढत होते. नवव्या आठवड्यात गौरी आल्या. सकाळी अंगण झाडून घेतलं, शेणाचा सडा टाकला, आणि कितीतरी दिवसांनी अंगात उत्साह आला म्हणून गौरीची पावलं काढायला उकिडवी बसले. आठ-दहा पावलं झाली. पुढच्या पावलासाठी बसल्या बसल्या तशीच बाजूला सरकले आणि आतून 'टच्' असा आवाज आला. फार मोठा नव्हता, मला एकटीला ऐकू आला. दुखलंही लगेच नाही. पण मी तिथेच ओळखलं. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळासारखा टम्म. पुन्हा ऑपरेशन झालं, आणि या वेळी गादी शिवण्यासारखी उरली नव्हती, कातरावी लागली. आज सदुसष्टाव्या वर्षी डाव्या गुडघ्याला झीज आहे, उजवा ठणठणीत आहे. गावातला जिना मी कठड्याला धरून उतरते, ते तू पाहिलंयस.

पेशंटना मी हजार वेळा सांगितलं असेल, की दुखायचं थांबलं म्हणजे जुळलं असं नव्हे. स्वतःच्या पायावर ते लागू करायला मी विसरले. दुखणं थांबतं चार-सहा आठवड्यांत. शिवलेली गादी भार घेण्याएवढी पक्की व्हायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. या दोन तारखांच्या मधलं जे अंतर आहे, तेवढ्यातच गुडघे पुन्हा फाटतात. लिगामेंट बदललेल्या कबड्डीच्या पोरांचंही हेच. त्यांचं नवं लिगामेंट दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात कच्चं असतं आणि नेमकं तेव्हाच त्यांना वाटतं की आता मैदानात उतरावं. त्यांना नऊ महिने थांबवून ठेवणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

म्हणून तुझ्यासाठी मी तारखा सणांवर बांधल्या आहेत, म्हणजे लक्षात राहतील. तुझं ऑपरेशन आषाढीच्या दुसऱ्या दिवशी झालं. श्रावणातली मंगळागौर तीन ते सात आठवड्यांत येते. ती यंदा खुर्चीत बसून बघायची. फुगडी, पिंगा, कोंबडा यांतलं एकही नाही, टाळ्या वाजव. गणपती येतील तेव्हा सात आठवडे होऊन गेले असतील. बहुतेक तोवर डॉक्टरांनी ब्रेस काढलेला असेल आणि कुबड्याही सुटलेल्या असतील. हाच तो धोक्याचा मुक्काम. आरतीला उभी राहा, मोदक ओट्यापाशी किंवा टेबलावर खुर्चीत बसून वळ, पण पाटावर बसू नकोस आणि गौरीची पावलं तर मुळीच नको. घटस्थापनेला अकरा-बारा आठवडे होतील, तेव्हा सपाट रस्त्यावर मजेत चालत जाशील. भोंडल्याच्या फेरात हळू चालायला हरकत नसावी, तेही फिजिओला विचारून. दिवाळीला साडेतीन महिने. उंबऱ्यावरची रांगोळी यंदा लेक काढेल. उकिडवं बसणं चार ते सहा महिन्यांच्या मध्ये, फिजिओच्या समोर, धरून धरून सुरू होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू तू सतरंजीवर बसून करशील अशी मला आशा आहे. आणि खो-खो पुढच्या वर्षीच. तुझ्या डॉक्टरांनी कार्डावर यातलं काही वेगळं लिहिलं असेल, तर माझं बाजूला ठेव आणि त्यांचं पाळ. टाके किती घातले, कुठे घातले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्याकडे जमिनीवर बसता न येणं हे माणसाला किती लागतं, ते मला माहीत आहे. तुझ्या सासूबाई पूजा सांगतील आणि तू खुर्चीत, म्हणून तुला ओशाळल्यासारखं होईल. पण ही दुर्बीणच मुळी या दुःखातून आली आहे. जपानही जमिनीवर बसणाऱ्यांचा देश. तिथे क्षयाने गुडघे आखडलेली माणसं पुष्कळ असायची, आणि ज्याला गुडघे मोडून बसता येत नाही त्याची घरात, समाजात मोठी अडचण व्हायची. गुडघा आखडण्याआधीच आत डोकावून रोग ओळखता यावा, म्हणून टोकियोच्या केंजी ताकागी या डॉक्टरांनी १९१८ साली मूत्राशय बघायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचेच शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दुर्बिणीतून बघत पहिल्यांदा गादीचा फाटका भाग काढला. तेव्हा खुर्चीत बसून आरती करताना हे मनात आण. तू कायमचं जमिनीवर बसता यावं म्हणूनच आज खुर्चीत बसली आहेस.

आता रोजचं.

पहिली गोष्ट, गुडघ्याखाली घेतलेली उशी आजच काढून टाक. वहिनीने मायेने ठेवली असणार, आणि वाकवून ठेवलेल्या गुडघ्याला आराम वाटतो हे खरं आहे. पण तो तसाच आखडतो. सगळे जण 'किती वाकतो' हे विचारतात, 'पूर्ण सरळ होतो का' हे कुणी विचारत नाही. वाकणं उशिरा आलं तरी मिळवता येतं. सरळ होणं गेलं तर माणूस आयुष्यभर लंगडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेव, म्हणजे गुडघा हवेत अधांतरी राहील आणि आपल्या वजनाने खाली बसेल. दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मांडीच्या मागे ओढ बसेल, ती बसू दे.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूची. परवा तू म्हणालीस ना, "आत्या, मांडी माझी वाटतच नाही, सांगितलेलं ऐकत नाही." ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत. गुडघ्यात २० ते ३० मिली पाणी साठलं, म्हणजे औषधाच्या बाटलीची दोन-तीन टोपणं, की वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू आपोआप बंद पडतो. शरीर त्याला गप्प करतं. त्याला पुन्हा जागं करावं लागतं, आणि ते असं. पाय सरळ ठेवून बस. गुडघ्याखाली नॅपकिनची बारीक गुंडाळी ठेव. तुझी दोन बोटं वाटीच्या वर, जरा आतल्या बाजूला टेकव. आता गुडघ्याने ती गुंडाळी पलंगात दाब. बोटांखाली आधी काहीच होणार नाही, सैल कणकेसारखं लागेल. मांडीकडे बघत राहा, दुसऱ्या पायाने तेच करून बघ, मग पुन्हा या पायाने. कधीतरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटांखालची कणीक एकदम घट्ट होईल आणि वाटी किंचित वर सरकलेली दिसेल. ती सरकलेली वाटी बघून मोठमोठी माणसं माझ्यासमोर लहान मुलासारखी हसलेली आहेत. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा. जागी असशील तेवढा वेळ दर तासाला एकदा.

सरळ पाय वर उचलायचा व्यायाम तुला शिकवला असेल. त्यात एक बघ. उचलताना टाच मागे राहते आहे का, गुडघा थोडासा लवतो आहे का? लवत असेल तर स्नायू अजून तयार नाही, गुंडाळी दाबायचंच चालू ठेव. आणि टाच सरकवत गुडघा वाकवताना मांडीच्या मागच्या स्नायूने जोर लावून ओढू नकोस. तो स्नायू गादीच्या मागच्या भागाला धरलेला असतो, शिवणीवर ताण येतो. ओढणीचा फास तळव्याला अडकवून हाताने टाच ओढ. किती अंशापर्यंत, ते कार्डावर आहे. बहुतेकांना चार ते सहा आठवडे काटकोनाच्या पुढे जाऊ देत नाहीत. आज सहज जातोय म्हणून शंभरपर्यंत नेऊन बघायचं नाही.

घोटा वर-खाली हलवणं मात्र कितीही कर. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना. पोटरीत रक्त साखळू नये म्हणून ते आहे.

आणि शिंप्याची टेप आणून ठेव. रोज सकाळी पलंगावरून उतरण्याआधी वाटीच्या बरोबर मधून टेप गुंडाळून घेर माप आणि कॅलेंडरवर लिही. आमच्या विभागाच्या बाईंनी मला हे शिकवलं. त्या म्हणायच्या, गुडघा रात्री काय बोलतो ते ऐकू नका, सकाळी काय बोलतो ते ऐका. संध्याकाळी थोडी सूज सगळ्यांनाच येते. पण सकाळचं माप कालच्या सकाळपेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर वाढलेलं असेल, तर काल जास्त झालं. आज व्यायाम निम्मा, पाय उंचावर, आणि बर्फ. बर्फ नेहमी टॉवेलमध्ये गुंडाळून, पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. गरम पिशवी नको. सासूबाई वाळूचा शेक सांगतील, निर्गुडीचा पाला सांगतील. त्यांना माझं नाव सांग, त्या माझ्यावर रागावल्या तरी चालेल.

जखमांवर तेल, हळद, काही लावू नकोस. वरचं भोक बंद झालं तरी खाली अजून कच्चं असतं, आणि ते भोक सरळ सांध्यात जातं. आंघोळीला पाय किती दिवस कोरडा ठेवायचा ते टाके काढणाऱ्यांना विचारलं असशीलच. बाथरूममध्ये पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची ठेव. स्टूल नको, स्टुलावरून साबण घ्यायला वाकताना माणूस कलंडतो. घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे म्हणून तू काळजीत होतीस. कमोडची खुर्ची औषधाच्या मोठ्या दुकानात भाड्याने मिळते, पण माझ्याकडे आहे, मीच आणते.

कुबड्यांचं एक सांगायचं राहिलं. काखेत आणि कुबडीच्या गादीत दोन-तीन बोटं जातील एवढी जागा हवी. वजन तळहातांवर घ्यायचं, काखेवर नाही. काखेत रेलून उभं राहिलं तर हाताला मुंग्या येतात, बोटं सुन्न होतात. खालचे रबरी बूच झिजलेत का ते उलटून बघ. पावसाळ्यात ओल्या फरशीवर गुळगुळीत झालेलं बूच म्हणजे पडणंच. जिन्यावर आमच्या बाईंचं जुनं वाक्य म्हणत जा: चांगला वर, दुखरा खाली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि कुबडी नेहमी दुखऱ्या पायाच्या सोबतीने.

तुझ्या कामातला खरा धोका मला फळ्यापाशी दिसतो. तू शाळेत परत जाशील तेव्हा ब्रेस नसेल, दुखत नसेल. फळ्यावर लिहिता लिहिता मागून कुणीतरी बोलेल, आणि तू पाय जमिनीला रोवलेला तसाच ठेवून कमरेतून गर्रकन वळशील. गादी याच पिळाने फाटते. खो-खोत वेगळं काही झालं नव्हतं. आतापासून स्वयंपाकघरात सवय कर. ओट्याकडून फ्रिजकडे वळायचं असेल तर दोन छोटी पावलं टाकत वळ, अंग आणि पावलं एकाच दिशेला. घड्याळाचा काटा एकेक घर पुढे सरकतो तसं. वेडगळ दिसेल, दिसू दे.

शाळेसाठी आत्ताच मुख्याध्यापिकांना अर्ज लिही. रजा संपली की फिटनेसच्या दाखल्यावर नुसतं 'कामावर रुजू होण्यास योग्य' असं घेऊ नकोस. डॉक्टरांना त्यावर दोन ओळी वाढवायला सांग, की अमुक तारखेपर्यंत तळमजल्याचा वर्ग, बसायला खुर्ची, मैदानाची ड्युटी नाही. तोंडी विनंती केली की दुसऱ्याच आठवड्यात 'बाई, जरा प्रार्थनेला उभ्या राहा' सुरू होतं. कागद असला की तुलाही नाही म्हणायचा संकोच वाटत नाही. उभ्याने शिकवायच्या नोकरीवर गादी शिवलेली माणसं दीड-दोन महिन्यांच्या आधी गेलेली मी तरी चांगली पाहिलेली नाहीत. स्कुटी त्याच्याही नंतर. सिग्नलला तू पाय टेकतेस तेव्हा गाडीचं वजन आणि पीळ दोन्ही त्याच पायावर येतं. आधी बंद गाडी अंगणात उभी करून दोन्ही पायांनी तोलून बघ.

खाण्याच्या बाबतीत घरात वाद चाललाय असं वहिनी म्हणाली. डाळ नको, आंबट नको, पू होतो. तसं काही होत नाही. स्नायू भरून यायला प्रथिनंच लागतात. रोज दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, दूध-दही, तुम्ही खाता तर अंडी. आवळा, पेरू, लिंबू खुशाल खा. पाणी भरपूर पी, कारण दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, आणि संडासला जोर करत बसणं सध्या तुला परवडणारं नाही. गोळी रिकाम्या पोटी नको. व्यायामाच्या अर्धा तास आधी घेतलीस तर व्यायाम नीट होतो. पण गोळीच्या जोरावर जास्तीचं चालायचं नाही.

कधी घाबरायचं तेही सांगते. गुडघ्यात टकटक, कधी पाणी हलल्यासारखं वाटणं, जखमेच्या बाजूला बधिरपणा, रात्री झोप मोडणं, हे सगळं चालायचंच. पण पोटरी एका जागी दुखू लागली, टणक झाली, सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ती चोळायची नाही. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोन करत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. थंडी वाजून ताप, भोकातून पू किंवा गढूळ पाणी, गुडघा लालबुंद आणि हलवताच जीव जाईल असं दुखणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात हे क्वचितच होतं, पण झालं तर त्यात तास मोजतात. आणि गुडघा एखाद्या कोनात अडकला, ना सरळ ना वाकडा, तर ओढाताण न करता तसाच जाऊन दाखवायचा.

वहिनी मला हळूच विचारत होती, "वन्सं, माझ्याही गुडघ्यात एकदा दुर्बीण घालून साफ करून घेऊ का?" तिला नाही सांग. तिची झीज आहे, वयाची. झिजलेला गुडघा दुर्बिणीतून धुऊन-घासून फायदा होत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० पेशंटवर हे पडताळून पाहिलं होतं, २००२ साली ते छापून आलं. काहींना खरं ऑपरेशन केलं, काहींना नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोघांचं दुखणं सारखंच. वहिनीला वजन चार-पाच किलो कमी करायचंय आणि तुझ्याबरोबर ती नॅपकिनची गुंडाळी दाबायची आहे. दोघी मिळून करा, तासाची आठवण एकमेकींना राहील.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन खचतं, हे आधीच माहीत असू दे. भेटायला येणारे येऊन गेलेले असतात, घरच्यांची सवय झालेली असते, आणि बाहेरून तू चांगली दिसायला लागतेस. तेव्हा कुणी पाणी आणून देत नाही आणि तुलाही मागवत नाही. माग. मोठ्या जखमेची माणसं जपली जातात, छोट्या जखमेच्या माणसाला आपली काळजी तोंडाने सांगून घ्यावी लागते. जावईबापूंना मी फोन करून सांगितलंय, की कुकर, पाण्याची कळशी आणि मुलीचं दप्तर यांना तू संक्रांतीपर्यंत खाली वाकून हात लावणार नाहीस. ते हो म्हणाले आहेत.

शनिवारी सकाळच्या एस्टीने मी निघते. कमोडची खुर्ची आणि टेप घेऊन येते, तुझी वाटी सरकते का ते बघायचंय मला. तोवर एक कर. बाथरूमच्या दारात ते गोधडीचं जुनं पायपुसणं आहे ना, एका बाजूने गुंडाळलं जातं ते, ते उचलून ठेवायला सांग.